स्टीलचा कँडल फिल्टर: घरात गरोदर बाई असेल तर घ्यावा का? भुसावळच्या उन्हाळ्यात वापरून लिहितेय

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. दोन कँडलचा स्टीलचा फिल्टर, तोच जुन्या पद्धतीचा, वर एक भांडं खाली एक भांडं, लाईट लागत नाही की मोटार नाही. घ्या, पण दोन अटींवर. सोबत येणारी प्लॅस्टिकची तोटी दुकानातच काढून स्टीलची नाहीतर पितळेची बसवून घ्यायची, आणि यात पाणी ओतायच्या आधी ते उकळायचं. नुसता फिल्टर आणून ओट्यावर ठेवला आणि आता मायक्रोप्लॅस्टिकची, म्हणजे पाण्यातल्या प्लॅस्टिकच्या बारीक कणांची, चिंता मिटली असं समजू नका, तसं होत नाही, का होत नाही ते खाली सविस्तर लिहिलंय.

घ्यायचं कारण असं की माझी नणंद बाळंतपणाला माहेरी आलीय. सातवा लागल्यावर आणली, ऐन एप्रिलात. भुसावळचा एप्रिल ज्याने काढलाय त्याला सांगायला नको, पारा ४४-४५ च्या खाली यायचं नाव घेत नाही, आणि डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं की पाणी भरपूर प्यायचं, लघवीला जळजळ व्हायला नको. म्हणजे दिवसभर पाणीच पाणी. नळ काही आमच्याकडे रोज येत नाही, बोअरचं पाणी जड, तोंडाला लागत नाही, त्यामुळे गल्लीत सगळ्यांकडे असतो तसा आमच्याकडेही थंड पाण्याचा जार सुरू होता. नणंद शाळेत विज्ञान शिकवते, तिने दुसऱ्याच दिवशी जारचं झाकण उघडून आत मोबाईलचा टॉर्च मारला आणि मला बोलावलं, "वहिनी, हे बघा ना." आतून नुसत्या चरा. घासून घासून, वापरून वापरून प्लॅस्टिकची चकाकी गेलेली, काठाला झाकण फिरून फिरून बारीक भुसा धरलेला. आणि हाच जार सकाळपासून उघड्या टेम्पोत उन्हात फिरून आपल्या दारात येतो. कोणाचा जार ते लिहीत नाही, कारण गल्लीतले सगळेच जार थोड्याफार फरकाने असेच निघाले.

आता यात घाबरण्यासारखं खरंच काही आहे का, तर जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं सांगते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लॅस्टिकच्या तुकड्याला मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात आणि एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली गेलं की नॅनोप्लॅस्टिक. इटलीत रोमच्या एका हॉस्पिटलमध्ये सहा बायकांची वार (प्लॅसेंटा) तपासली होती, २०२१ मध्ये तो अभ्यास छापून आला. बाळंतपण करताना बाहेरचं प्लॅस्टिक लागू नये म्हणून सुती हातमोजे आणि धातूच्या क्लिपा वापरलेल्या. तरी सहापैकी चौघींच्या वारेत कण निघाले, एकूण १२, बहुतेक दहा मायक्रॉनच्या आसपासचे. त्यातले पाच बाळाच्या बाजूला, चार आईच्या बाजूला आणि तीन गर्भाच्या पडद्यात. आणि हे वारेचा जेमतेम ४ टक्के भाग तपासून! नंतर २०२४ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिको युनिव्हर्सिटीने ६२ वारा तपासल्या तर ६२ च्या ६२ मध्ये प्लॅस्टिक, एका ग्रॅममागे ६.५ पासून ७९० मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि त्यात निम्म्याहून जास्त पॉलिथिलीन, म्हणजे ज्याच्या पिशव्या आणि बाटल्या बनतात तेच. नेदरलँडमध्ये २०२२ मध्ये २२ जणांचं रक्त तपासलं, त्यातल्या १७ जणांच्या रक्तात सापडलं.

म्हणजे ते वारेत, अगदी बाळाच्या बाजूपर्यंत पोचतं असं दिसतंय. पोचून नेमकं काय करतं, हे माणसाच्या बाळाबाबत अजून सिद्ध झालेलं नाही, आणि जो कोणी व्हिडिओत "यामुळे बाळ असं होतं, तसं होतं" असं ठामपणे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. उंदरांवर प्रयोग झालेत. २०२० मध्ये गाभण उंदरांच्या फुप्फुसात पॉलिस्टायरीनचे अतिसूक्ष्म कण सोडले तर चोवीस तासांत ते पिल्लांच्या यकृतात, हृदयात, मेंदूत सापडले. आणि प्लॅस्टिक मऊ करायला थॅलेट नावाची रसायनं घालतात, त्यांच्याबद्दल तर माणसांवरचीच आकडेवारी आहे, अमेरिकेत ६,०४५ गर्भवती बायकांची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये छापलं की ज्यांच्या लघवीत थॅलेट जास्त होते त्यांच्यात दिवस पूर्ण भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. माझ्या मते एवढं पुरे आहे. रडत बसायला नाही, पण जे आपल्या हातात आहे ते करायला पुरे आहे.

आणि हातात सगळ्यात जास्त काय असेल तर पाणी. कोलंबिया युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२४ मध्ये बाटलीबंद पाणी तपासलं तेव्हा एका लिटरमध्ये सरासरी २ लाख ४० हजार कण मोजले, त्यातले ९० टक्के नॅनो. आपल्याकडे एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नोव्हेंबर २०२४ मध्ये बाटलीबंद पिण्याचं पाणी जास्त जोखमीच्या पदार्थांत टाकलंय. ते तर सीलबंद पाणी, त्याच्यावर शिक्का असतो, लायसन्स असतं. आपला गल्लीतला सुटा जार त्यातही बसत नाही. म्हणून जार बंद केला.

फिल्टर जळगावला जाऊन घेतला, सुभाष चौकाच्या बाजूला भांड्यांची दुकानं आहेत तिकडे. ऑनलाईन स्वस्त मिळतो पण हाताळून घेतलेला बरा, कारण पत्रा हातात धरल्याशिवाय कळत नाही. दुकानदार भाऊ समजावून सांगणारे निघाले. बऱ्याच जणी घरून लोहचुंबक घेऊन जातात की चिकटलं नाही म्हणजे स्टील चांगलं, तर त्यांनी सांगितलं की ताई, २०२ नंबरच्या हलक्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, त्याने काही कळत नाही, बुडाला ३०४ छापलंय का ते बघा आणि बिलावर लिहून मागा. आम्ही तसंच केलं. दोन हजाराच्या आतबाहेर गेला. बारा-पंधरा लिटर पाणी मावेल असा.

आता तोटीचं बघा. एवढा चकचकीत स्टीलचा फिल्टर आणि त्याला तोटी प्लॅस्टिकची! दिवसातून कितीदा ती उघडायची, कितीदा बंद करायची, म्हणजे घासणारी वस्तू नेमकी तीच आणि पाणी शेवटी जातं तेही तिच्यातूनच. सासूबाई सोबत होत्या, त्या लगेच म्हणाल्या, "आमच्या टायमाले तोटी बी पितयचीच राहे, हे कोनं आनलं?" भाऊंनी आतून स्टीलची तोटी काढून दिली, दोन-अडीचशे रुपये वेगळे. कंपनीवाले प्लॅस्टिकचीच लावून पाठवतात म्हणे, कारण किंमत कमी दाखवता येते. मला हे पटलं नाही. जी वस्तू लोक प्लॅस्टिक टाळायला घेतात तिच्यात दोनशे रुपये वाचवायला प्लॅस्टिक घालू नये, याचे मार्क कापणारच.

कँडलचंही तसंच आहे. वरचा पांढरा भाग सिरॅमिकचा, पण बूड आणि खालचा आट्याचा दांडा नि त्याचा नट प्लॅस्टिकचा. तो काही बदलता येत नाही, दुकानात जेवढ्या दाखवल्या तेवढ्या सगळ्या तशाच. थंड पाणी, थोडासा भाग, घासाघीस नाही, म्हणून मी तो चालवून घेतला. शंभर टक्के प्लॅस्टिकमुक्त पाणी तसंही आपल्याला मिळणार नाही, छतावरची काळी टाकी प्लॅस्टिकची, खाली येणारा पाईप पीव्हीसीचा. आणि आपला जळगाव जिल्हा तर पाईप, ठिबक आणि चटई यांच्यावर उभा आहे, किती घरांची चूल त्याच्यावर पेटते, त्यामुळे प्लॅस्टिकला सरसकट शिव्या देणाऱ्यांतली मी नाही. शेतातल्या ठिबकने पाणी वाचतं ते वाचतंच. मुद्दा एवढाच की गरोदर बाईच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूला गरम, उन्हात तापलेलं आणि घासलं जाणारं प्लॅस्टिक लागायला नको. हे तीन शब्द घरात सगळ्यांना पाठ झालेत.

उकळायचं का, तर त्याचं कारण मला फार आवडलं, कारण ते आपल्या बोअरच्या जड पाण्याच्या बाजूने आहे. चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी २०२४ मध्ये छापलं की जड पाणी पाच मिनिटं उकळून मग गाळलं तर त्यातलं नॅनो आणि मायक्रोप्लॅस्टिक ९० टक्क्यांपर्यंत कमी होतं. उकळताना पाण्यातला चुना बाहेर पडतो, त्याचे कण प्लॅस्टिकच्या कणांभोवती जमतात, जड होतात आणि खाली बसतात नाहीतर गाळणीत अडकतात. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम चुना असलेल्या पाण्यात हा ९० टक्क्यांचा आकडा आलाय, मऊ पाण्यात जेमतेम २५ टक्के. म्हणजे ज्या पाण्याला आपण आयुष्यभर नावं ठेवली, गिझर खराब केला, नळाला पांढरं धरलं, डाळ शिजू दिली नाही, त्याच पाण्याचा इथे फायदा.

आम्ही असं करतो. रात्री मोठ्या गंजात बोअरचं पाणी खळखळ उकळायचं, पाच-सात मिनिटं उकळी चालू ठेवायची, झाकून तसंच थंड होऊ द्यायचं, हलवायचं नाही. सकाळी वर पांढरी साय आल्यासारखी दिसते आणि बुडाला बारीक पांढरी कणी बसलेली असते, बोटाने चोळली तर खरखर लागते. वरचं पाणी हळू हळू ओगराळ्याने फिल्टरमध्ये घालायचं आणि तळचं चार बोटं पाणी झाडांना. ते ओतायच्या मोहात पडू नका, सगळी घाण तिथेच असते. फिल्टरमधून गळालेलं पाणी माठात. माठाचं पाणी थंडही आणि नणंदेला फ्रिजचं पाणी सोसत नाही त्यामुळे तिला तेच आवडतं.

आणि समजा प्लॅस्टिकचा विषयच नसता तरी उकळणं सोडायचं नव्हतं. दूषित पाण्यातून हेपेटायटिस ई नावाची कावीळ होते, इतरांना ती बहुतेक वेळा आपोआप बरी होते, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला झाली तर शंभरात वीस-पंचवीसपर्यंत बायका दगावतात असं डब्ल्यूएचओ सांगते. म्हणून कोणी प्लॅस्टिकच्या भीतीने जार बंद करून थेट विहिरीचं, टँकरचं पाणी देत असेल तर हात जोडून सांगते, तसं करू नका. कावीळ आणि जुलाब हा आजचा धोका आहे, आधी तो, मग प्लॅस्टिक. स्वच्छ पाण्याची दुसरी सोयच नसेल तर जार बरा, प्रवासात तहान लागली तर बाटली घ्या, गरोदरपणात तहान मारून ठेवू नका. फक्त ती बाटली उन्हात तापलेल्या गाडीत पडलेली नको आणि तीच पुन्हा पुन्हा भरून वापरायची नको.

आरओ का नाही घेतला असं शेजारच्या काकूंनी विचारलं. आरओचा पडदा कँडलपेक्षा कितीतरी बारीक, कण अडवायला तो चांगलाच आहे, ज्यांच्याकडे आहे त्यांनी काढून टाकायची काही गरज नाही. पण त्याची टाकी प्लॅस्टिकची, नळ्या प्लॅस्टिकच्या, पाणी तासन्‌तास त्यातच उभं, आणि कोलंबियाच्या त्या अभ्यासात बाटल्यांच्या पाण्यात नायलॉनच्या जातीचं प्लॅस्टिक खूप निघालं, ते पाणी शुद्ध करायच्या फिल्टरमधूनच येत असावं असं त्यांनीच म्हटलंय. शिवाय बरंचसं पाणी वाया जातं, जे भुसावळात कोणाला परवडत नाही. आणि आमच्याकडे लाईट जाते ती वेगळीच. तुमच्या बोअरला खारेपणा किंवा फ्लोराईड जास्त असेल तर मात्र हा कँडल फिल्टर उपयोगाचा नाही, तो क्षार काढत नाही, तिथे आरओच लागेल, टाकी स्टीलची मिळते का ते बघा. सिरॅमिकची छिद्रं साधारण एका मायक्रॉनच्या आसपास, त्यामुळे मोठे कण अडतील, नॅनो आरामात निघून जातील, म्हणूनच उकळण्याशिवाय हा फिल्टर अर्धाच.

घासायचं कसं तेही सांगते कारण त्याच्यावर कोणी लिहीत नाही. कँडलवर आठवड्याभरात तपकिरी थर चढतो आणि गळणं मंद होतं. कंपनीने सोबत हिरवी घासणी दिलेली, ती नायलॉनची, तिनेच कँडल घासली तर केलं ते सगळं पाण्यात. आम्ही वाळक्या घोसाळ्याची जाळी वापरतो, वेलावरच वाळवलेली, बिया झटकून. हलक्या हाताने, साबण न लावता, वाहत्या पाण्याखाली. बारीक तडा दिसला की कँडल फेकायची, तडा गेलेली कँडल म्हणजे नुसतं पाणी वरून खाली ओतणं.

या फिल्टरच्या निमित्ताने घरात बाकीचंही बदललं, ते दोन शब्दांत सांगते. शेवभाजीचं पार्सल पन्नीत आणणं बंद. गरमागरम तर्री, त्यात तेल, आणि ती पातळ पन्नीत बांधून देतात, गरम आणि तेलकट वस्तूत प्लॅस्टिकमधलं नको ते जास्त उतरतं. आता ह्यांना स्टीलचा डबा देऊन पाठवते, हॉटेलवाले काही बोलत नाहीत, उलट एक-दोन चमचे जास्तच टाकतात. चहाचा कागदी कपही बंद, त्याला आतून पॉलिथिलीनचा पातळ थर असतो, खरगपूरच्या आयआयटीने २०२० मध्ये मोजलं की गरम पेय पंधरा मिनिटं त्यात ठेवलं तर १०० मिलिलिटरमध्ये २५ हजार कण उतरतात. आणि गच्चीवरचं वाळवण! एप्रिल म्हणजे आमच्याकडे कुरडया, पापड, बिबड्यांचे दिवस, आणि हल्ली सगळ्या गल्लीत ते प्लॅस्टिकच्या कागदावर घालतात, गरम गरम चीक, वरून एवढं ऊन. मागच्या वर्षीचा कागद उचलला तर हातात पांढरी पावडर आली, इतका तो कुजलेला. सासूबाईंनी यंदा बाजेवर जुनं सुती धोतर ओलं करून अंथरलं, त्यावर कुरडया. निघाल्या व्यवस्थित, संध्याकाळी मागून पाण्याचा हात फिरवला की सुटतात.

बाळ आल्यावरचं पण ठरलंय. आईच्या दुधातही कण सापडलेत, २०२२ मध्ये इटलीत ३४ पैकी २६ आयांच्या, पण त्याच संशोधकांनी स्पष्ट म्हटलंय की म्हणून अंगावर पाजणं थांबवायचं नाही, त्याचे फायदे कितीतरी मोठे. नणंदेला हे वाचून दाखवलं तेव्हा तिच्या जिवात जीव आला, कारण हीच गोष्ट तिला सगळ्यात जास्त खात होती. वरचं दूध द्यायची वेळ आलीच तर प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी घालून पावडर हलवायची नाही. आयर्लंडमध्ये २०२० मध्ये पॉलीप्रोपिलीन नावाच्या प्लॅस्टिकच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या तर लिटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत कण निघाले, पाणी जितकं गरम तितके जास्त. दूध स्टीलच्या भांड्यात करायचं आणि वाटी-चमच्याने नाहीतर सासूबाईंच्या पेटीतल्या चांदीच्या बोंडल्याने पाजायचं, ते त्यांनी घासून तयारच ठेवलंय.

फिल्टरच्या तक्रारी म्हणाल तर, गळतो फार सावकाश. वरचं भांडं भरून ठेवलं की रिकामं व्हायला अख्खी रात्र, पाहुणे आले की पाणी पुरत नाही, मोठं कुटुंब असेल तर तीन-चार कँडलचाच घ्या. उकळायचं काम रोजचं आहे, गॅस जास्त जातो, आणि हे काम गरोदर बाईवर टाकू नका, भरलेला गंज उचलणं तिचं काम नाही, आमच्याकडे ह्यांनी ते अंगावर घेतलंय. पहिले दोन-तीन फेरे पाण्याला मातीचा वास येतो, ते पाणी फेकून द्या, नंतर जातो. वरचं झाकण सैल बसतं, मुंग्या शिरतात, म्हणून खाली पाण्याची ताटली ठेवलीय.

पाचपैकी चार. एक मार्क प्लॅस्टिकच्या तोटीचा कापला. घ्यायला जाल तेव्हा तोटी दुकानातच बसवून, वरच्या भांड्यात पाणी ओतून, वायसर गळतो का ते तिथेच बघून घ्या, कारण घरी आल्यावर गळायला लागली तर त्या मापाचा वायसर भुसावळात आम्हाला तरी कुठेच मिळाला नाही. आणि जास्तीची एक कँडल सोबतच घेऊन ठेवा, सीझनमध्ये संपतात.